उतारा शिकवायचाय? मग पहिली सात मिनिटं अशी घालवा

बी.एड. करून आला असाल तर हे तुम्हाला पाठच असेल. "मुलांनो, सकाळी उठल्यावर काय पिता?" चहा. "चहात काय घालतात?" साखर. "साखर कशापासून होते?" उसापासून. "ऊस कोण पिकवतं?" शेतकरी. "शाब्बास, तर आज आपण शेतकऱ्यांवरचा उतारा वाचणार आहोत." मागच्या बाकावर बसलेले परीक्षक निरीक्षण वहीत टिक करतात, पूर्वज्ञान जागृती झाली (मुलांना माहीत असलेलं आठवून दिलं), हेतुकथन झालं (आज काय शिकायचं ते सांगितलं). या पायऱ्या हर्बार्ट नावाच्या जर्मन विचारवंताच्या नावावर खपतात, तो १८४१ मध्ये गेला, आपल्या नावाने एवढा चहा होणार आहे हे त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार. त्याचं मूळ म्हणणं बरोबरच होतं, नवीन गोष्ट डोक्यात आधीपासून असलेल्या गोष्टीला चिकटते तेव्हाच राहते. पण चहा-साखरेला काहीच चिकटत नाही हो. नववीच्या पोराला पहिल्याच प्रश्नाला कळतं की मॅडम आपल्याला कुठेतरी ओढत नेतायत आणि ते मुकाट्याने येतं, कारण भांडण्यात काही अर्थ नसतो.

हा लेख नवीन लागलेल्यांसाठी आहे, आठवी ते दहावीला मराठी शिकवणाऱ्यांसाठी, पण इंग्रजी-हिंदीवाल्यांनाही चालेल. मी तालुक्याच्या गावात मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते, वर्गात पन्नास-पंचावन्न पोरं, तास ३५ मिनिटांचा, त्यातली तीन-चार मिनिटं हजेरी आणि "मॅडम पाणी पिऊन येऊ का" मध्ये जातात. म्हणजे हातात तीस. त्यातली सुरुवातीला जास्तीत जास्त सात द्यायची, जास्त का नाही ते पुढे येईलच.

आधी माझी फजिती सांगते म्हणजे तुम्ही तरी तिथे पडणार नाही. पहिल्या वर्षी पावसावरचा एक छान उतारा होता. मी घरून स्पीकर नेला, खिडक्या लावल्या, दिवे बंद केले, सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि पावसाचा आवाज सुरू केला. मग म्हटलं, तुमची पावसाची आठवण सांगा. झालं! एकाच्या घरात पाणी शिरलेलं, एकीची शेळी वाहून गेलेली, एकाचे मामा पुलावर रात्रभर अडकलेले, प्रत्येकाला बोलायचं होतं, वर्ग इतका रंगला की शेजारच्या वर्गातले सर येऊन बघून गेले. मला वाटलं काय भारी चाललंय. घड्याळ बघितलं तर बावीस मिनिटं गेलेली. घाईघाईत उताऱ्याचे दोन परिच्छेद झाले, बेल झाली, उरलेला घरी वाचून या म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी अर्थातच कोणीही वाचलेला नव्हता. शेळीची गोष्ट मात्र वर्षभर सगळ्यांच्या लक्षात होती.

सुरुवात चांगली झाली आणि उतारा वाचलाच गेला नाही, असं होणं फार सोपं आहे. त्यामुळे मी आता स्वतःला एकच विचारते: या सात मिनिटांनंतर पोरांच्या डोक्यात असा प्रश्न उभा राहिला का, ज्याचं उत्तर समोरच्या कागदावर आहे आणि माझ्याकडे मागून मिळणार नाही? राहिला असेल तर सुरुवात जमली, मग तुम्ही ती गाऊन केली काय, फळ्यावर एक ओळ लिहून केली काय.

पायरी पहिली: आदल्या दिवशी उतारा स्वतः वाचा, पेन्सिल घेऊन

हसू नका. आपण शिक्षक लोक उतारा वाचत नाही, त्याखालचे प्रश्न वाचतो. उतारा नीट वाचा आणि पोरगं कुठे अडखळेल तिथे टिंब द्या. अडखळण्याचे प्रकार साधारण तीनच असतात. एक, विषयच माहीत नाही. दोन, विषय माहीत आहे पण शब्द अडतात. तीन, सगळे शब्द येतात, वाचूनही होतं, पण जे लिहिलेलं नाही ते कळत नाही, म्हणजे ओळींच्या मधलं. दहावीला सगळ्यात जास्त मुलं या तिसऱ्यात अडकतात आणि आपण मात्र त्यांना कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहून देत बसतो.

टिंबं कुठे जास्त पडली त्यावर सुरुवात कोणती हे ठरतं. हे उलटं करू नका, म्हणजे व्हिडिओत एक भारी आयडिया बघितली म्हणून ती उद्याच्या उताऱ्याला चिकटवली असं नको. माझ्या पावसाच्या उताऱ्यात एकाही पोराला पाऊस म्हणजे काय हे सांगायची गरज नव्हती, अडचण लेखकाच्या तिरकस बोलण्यात होती, आणि स्पीकरचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

पायरी दुसरी: सुरुवात निवडा

मी वापरते त्या सांगते. सगळ्या सारख्या कामाच्या नाहीत, म्हणून काहींवर जास्त बोलणार आहे.

*नाव लपवा.* हा खेळ वर्षाच्या पहिल्या आठवड्यात कराच. मी हे मोठ्याने वाचते, पोरांनी फक्त ऐकायचं:

"आधी जागा मिळवावी लागते, त्यावरून दरवर्षी भांडण होतं. मोठ्या वस्तू खाली, छोट्या वर. मग सगळं झाकून घ्यायचं आणि वरून ओतायचं. हात खराब होतात पण त्याला इलाज नाही. काहीजण आधीच पेरून ठेवतात, नाहीतर ऐनवेळी हिरवं दिसत नाही. सगळ्यात वर एकच जण बसतो, बाकीचे खाली उभे राहतात. येणारे-जाणारे थांबून बघतात. काही दिवसांनी सगळं मोडायचं आणि जे जिथून आणलं तिथे नेऊन ठेवायचं."

मग म्हणते, कशाबद्दल आहे? "शेती हाय मॅडम." मग वर कोण बसतो? "बुजगावणं." वर्ग हसतो. कोणी लग्नाचा मांडव म्हणतं, कोणी गणपतीचं डेकोरेशन. आता विचारते, यातलं किती आठवतंय ते वहीत लिहा. दोन-तीन ओळींच्या पुढे कोणी जात नाही. मग एकच शब्द सांगते: दिवाळी. अर्ध्या सेकंदात "किल्लाआआ!" असा आरडाओरडा होतो, आणि तोच परिच्छेद पुन्हा वाचला की प्रत्येक वाक्यावर पोरं मान डोलावतात, गोणपाट, चिखल, अळीव, सिंहासनावर महाराज आणि खाली मावळे.

ही युक्ती मुळात माझी नाही. १९७२ मध्ये ब्रान्सफर्ड आणि जॉन्सन या दोघांनी अमेरिकेत असाच प्रयोग केला होता, कपडे धुण्याचं वर्णन, पण कपडे हा शब्दच नाही. ज्यांना विषय आधी सांगितला त्यांना ते कळलंही आणि आठवलंही. ज्यांना सांगितलाच नाही त्यांचं अवघड झालं. पण मला आवडणारा भाग पुढचा आहे: काहींना विषय सांगितला, पण सगळं ऐकून झाल्यावर, आणि त्यांना त्याचा जवळपास काहीच फायदा झाला नाही. उतारा वाचून झाल्यावर आपण जे "आता समजावून सांगते हं" सुरू करतो ना, ते आठवा.

किल्ल्याचा खेळ झाला की पोरांना एक गोष्ट कायमची कळते, शब्द येत असूनही वाचलेलं कळत नाही असं होऊ शकतं आणि त्यात आपण ढ नसतो. पुढे वर्षभर कोणी अडलं की मी नुसतं म्हणते, "इथे किल्ला सापडत नाहीये का?" आणि काम होतं.

*दोन आकडे किंवा एक विचित्र वाक्य.* माहितीपर उताऱ्याला हे बेस्ट. समजा लोणारच्या सरोवरावरचा उतारा आहे. नेहमीची पद्धत म्हणजे "लोणार कोणत्या जिल्ह्यात आहे?" "बुलढाणा." "शाब्बास, उघडा पुस्तक." त्यापेक्षा फळ्यावर काही न बोलता हे लिहा: ५२ हजार. ५ लाख ७० हजार. खाली लिहा: एकाच खड्ड्याचं वय. आणि गप्प उभे राहा. हे गप्प उभं राहणं नवीन शिक्षकाला जमत नाही, दहा सेकंद म्हणजे एक वर्ष वाटतं, पण राहा. मागून कोणीतरी म्हणतंच, "मॅडम, चुकलंय." काय चुकलंय? "दोन्ही कसं असेल?" बरोब्बर. शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या पद्धतीने मोजलं, एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षं आली, दुसरीने सुमारे ५ लाख ७० हजार. आता दुसरी ओळ लिहा: जून २०२० मध्ये इथलं पाणी गुलाबी झालं. का? प्रत्येकाने वहीत एक अंदाज लिहायचा, चुकला तरी चालेल, खोडायचा नाही. कोणी लिहितं रंग टाकला, कोणी केमिकल कंपनी, कोणी देवीचा कोप, एकाने लिहिलं होतं "होळी उशिरा झाली असेल". मग फक्त एवढंच म्हणा, तुमचा अंदाज बरोबर की चूक ते तिसऱ्या परिच्छेदात आहे, मी सांगणार नाही. आणि खरंच सांगू नका. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला होता, हे त्यांना स्वतः सापडू दे, "सूक्ष्मजीव" हा शब्द कोणी शोधून ओरडलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

इथे नवीन लोकांची हमखास होणारी चूक म्हणजे उत्साहाच्या भरात सगळंच सांगून टाकणं. उल्का पडली, बेसॉल्टचा खडक होता, जवळपास पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद खड्डा पडला, लवणासुराची कथा, सगळं. तुम्ही बोलून थांबलात की उताऱ्यात वाचण्यासारखं काय राहिलं? पोरं हुशार असतात, त्यांना कळतं की मॅडम सगळं सांगतातच, मग डोळे कशाला दुखवा.

*लग्नपत्रिका.* ही माझी लाडकी. ओळींच्या मधलं वाचायला शिकवायचं असेल तर यासारखं दुसरं साधन मला तरी सापडलेलं नाही, आणि फुकट मिळतं. एक जुनी पत्रिका घ्या, ओळखीतली नको, दुसऱ्या गावची. सगळी नावं-आडनावं काळ्या मार्करने खोडा, फक्त नावांच्या आधीची अक्षरं आणि बाकीचा मजकूर ठेवा. झेरॉक्स काढा, दोन बाकांत एक. आता पोरांसमोर काय आहे? कै. अमुक यांचे नातू. गं. भा. अमुक यांचे द्वितीय चिरंजीव. मूळ गाव अमुक, हल्ली मुक्काम पिंपरी. मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांनी. खाली किलबिल: "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!" आणि त्यापुढे सहा काळे पट्टे.

प्रश्न एकच: या घराबद्दल तुम्हाला काय काय कळलं? पहिल्यांदा उघड गोष्टी येतात, तारीख, हॉल. मग एखादी मुलगी हळूच म्हणते, "नवऱ्याचे वडील नाहीयेत." कुठे लिहिलंय? "लिहिलं नाही, पण आईच्या नावाआधी गं. भा. आहे." मग धबधबा सुरू होतो. मोठा भाऊ आहे, कारण हा द्वितीय. तो भाऊ किंवा बहीण लग्न झालेली आहे, कारण काका म्हणणारी पोरं आहेत. "बहीण असती तर मामा म्हणले असते!" हे वाक्य ज्या दिवशी वर्गातून आलं त्या दिवशी मला साक्षात फी परत मिळाल्यासारखं वाटलं. नोकरीसाठी गाव सोडलंय. जेवण दुपारचं आहे. एकाने तर सांगितलं की घरात सहा बारकी पोरं आहेत म्हणजे लग्नात दंगा होणार.

"लिहिलं नाही, पण कळतं", हे पोरांच्याच तोंडून येऊ द्या, मग ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहा आणि लगेच उतारा द्या. मी एकदा स्वतःच एक छोटा उतारा लिहिला होता, त्यातलं पहिलं वाक्य होतं: "आजोबांनी सवयीने दोन कप चहा केला, मग थोडा वेळ बघत बसले आणि एक कप मोरीत ओतला." पत्रिकेनंतर हे वाक्य वाचलं तर आठवीतलं पोरगंही सांगतं की आजी गेली. पत्रिकेशिवाय वाचलं तर उत्तर येतं, "चहा खराब झाला होता." दोन्ही करून बघितलंय.

सांभाळायचं काय, तर आडनावं खरोखर खोडा, जातीवरून कुजबुज सुरू होते. आणि वर्गात ज्यांचे वडील नाहीत अशी मुलं असतात, ती कोण हे आधी माहीत असू द्या, त्या वर्गात गं. भा. वाली पत्रिका नेऊ नका, दुसरी न्या. गं. भा. लिहावं की नाही यावरही एखादी मुलगी तावातावाने बोलते, तिचं बरोबरच असतं, पण "हे शुक्रवारी घेऊ" म्हणा आणि शुक्रवारी खरंच घ्या.

*हो की नाही.* वैचारिक उताऱ्याला चालतं. हिवरे बाजार या गावावरचा उतारा असेल तर वाचण्याआधी एक वाक्य फेका: "माझ्या शेतात बोअर मारायचं की नाही हे मी ठरवणार, गावाचा काय संबंध." पटतं त्यांनी खिडकीकडे, नाही पटत त्यांनी दाराकडे. शेतकऱ्यांची पोरं असली की खिडकीकडे चेंगराचेंगरी होते. दोन्ही बाजूंच्या दोघा-दोघांना बोलू द्या, चारच जणांना, नाहीतर माझा पाऊस होईल. मग सांगा, एका गावाने शेतीसाठी बोअर घ्यायचंच नाही असं ठरवलं, ऊसही लावायचा नाही असं ठरवलं, दरवर्षी गावात किती पाणी आहे त्याचा हिशोब मांडून पिकं ठरवतात. वाचा आणि बघा तुम्हाला जागा बदलावीशी वाटते का. शेवटी पुन्हा उभं करायचं. एकही पोरगं हललं नाही तरी बिघडत नाही, फक्त आता कारण उताऱ्यातलं द्यायचं, "मला वाटतं" चालणार नाही.

*शब्द आधी.* उताऱ्यातले पाच-सहा शब्द फळ्यावर लिहायचे आणि यावरून उतारा कशाबद्दल असेल ते सांगायचं. बरं आहे, पटकन होतं, सातवा तास असेल आणि तुमच्यात जीव उरला नसेल तर हेच करा. शब्द निवडताना एक तरी विसंगत घ्या, विवर, मंदिर, मिठागर असं काहीतरी, सगळे एकाच जातीचे घेतले तर मजा नाही.

आणि तो तीन रकान्यांचा तक्ता, मला काय माहीत आहे, काय जाणून घ्यायचंय, काय शिकलो. डोना ओगल यांनी १९८६ मध्ये मांडला, प्रत्येक ट्रेनिंगमध्ये दाखवतात. वीस मुलांच्या वर्गात छान असेल. पंचावन्नच्या वर्गात पहिला रकाना भरता भरता तास संपतो, शिवाय "काय माहीत आहे" मध्ये पोरं धडाधड चुकीच्या गोष्टी सांगतात आणि त्या फळ्यावर लिहिल्या गेल्या की खऱ्या वाटायला लागतात. मी फक्त मधला रकाना घेते.

पायरी तिसरी: हात सोडायची जागा

सुरुवात आणि वाचन यांच्या मधला सांधा हा सगळ्यात नाजूक प्रकार आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. छान चर्चा चाललेली असते आणि आपण म्हणतो, "बरं, आता पुस्तक उघडा, पान नंबर ४१." खाड्कन सगळं बंद. पोरांच्या चेहऱ्यावरचं लाइट जातं, कारण पुस्तक उघडा म्हणजे मजा संपली हे त्यांना पहिलीपासून माहीत आहे.

म्हणून पुस्तक किंवा झेरॉक्स चर्चेच्या आधीच बाकावर उलटी ठेवायला लावा. आणि सांध्याचं वाक्य टाचणात, म्हणजे पाठाच्या तयारीच्या वहीत, शब्दन् शब्द लिहून ठेवा, बाकी टाचण कसंही असू दे. वाक्यात वाचण्याचं काम असलं पाहिजे. "आता वाचा" हे काम नाही. "गुलाबी पाण्याचं कारण जिथे सापडेल त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारा, सापडल्यावर ओरडायचं नाही, नुसता हात वर" हे काम आहे. मग पहिलं वाचन मुकाट्याने, ज्याने त्याने. तुम्ही मोठ्याने वाचून दाखवायचा मोह आवरा, ते दुसऱ्या वाचनाला. पहिलं वाचन पोरांचं, कारण प्रश्न त्यांचा आहे.

आणि सात मिनिटं. मोबाइल टेबलावर ठेवून टायमर लावा, व्हायब्रेटवर. तो थरथरला की कोणी कितीही चांगलं बोलत असू दे, वाक्य पूर्ण होऊ द्यायचं आणि सांधा. पोरं "ओ मॅडम थांबा ना" म्हणाली तर फारच उत्तम, भूक राहिली म्हणजे वाचतील.

जिथे बिघडतं

एकच पोरगी सगळी उत्तरं देते. प्रत्येक वर्गात असते ती. उपाय म्हणजे बोलण्याआधी लिहायला लावणं, एक मिनिट, एक ओळ, आणि मग तुम्ही वहीत डोकावत फिरून ज्यांनी कधी हात वर केला नाही त्यांच्यातल्या एकाचा अंदाज मोठ्याने वाचून दाखवा, नाव न घेता. त्याला कळतं तो कोणाचा आहे.

कोणीच बोलत नाही. मधल्या सुट्टीनंतर, पोट भरलेलं, पंखा गरम हवा फेकतोय. अशा वेळी मोठ्या वर्गाला प्रश्न विचारूच नका, शेजाऱ्याला सांगा म्हणा. गडबड होईल, होऊ दे. आणि आधी सगळ्यांना एकदा उभं करा.

काहींना उतारा आधीच माहीत असतो, क्लासला झालेला असतो. त्यांना बाजूला घेऊन सांगा, तुम्ही खबरी आहात, तोंड उघडायचं नाही, मी विचारेन तेव्हा पोरांचा अंदाज गरम की थंड एवढंच सांगायचं. त्यांना भाव मिळतो आणि ते गप्प बसतात.

खरी अडचण मात्र वेगळी आहे. आठवी-नववीत येऊनही ज्यांना सरळ वाचताच येत नाही अशी मुलं. लाज वाटून घेऊ नका, तुमच्या एकट्याच्या वर्गात नाहीत. असर या शिक्षणाच्या पाहणीच्या २०२३ च्या अहवालात देशातल्या २८ जिल्ह्यांतल्या १४ ते १८ वयाच्या मुलांची पाहणी होती, त्यात जवळपास २५ टक्के मुलांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूरही सलग वाचता येत नव्हता. यांच्यासाठी सुरुवात हा टाइमपास नाही, त्यांना वर्गात भाग घ्यायला मिळणारी तेवढीच जागा असते, कारण तिथे अजून कोणी वाचलेलंच नसतं, सगळे एका रेषेवर उभे असतात. माझ्याकडे एक पोरगा होता, वाचताना प्रत्येक जोडाक्षराला थांबायचा, पण क्रिकेटवरचा उतारा आला तेव्हा मी वाचनाआधी फळ्यावर शेवटच्या ओव्हरची परिस्थिती लिहिली, सहा चेंडू, अकरा धावा, दोन गडी, आणि विचारलं कॅप्टनने काय करावं. तो उठून फळ्यापाशी आला, खडू घेतला आणि फील्ड लावून दाखवली. मग तो उतारा त्याने हळूहळू का होईना शेवटपर्यंत वाचला आणि "कर्णधाराने हा निर्णय का घेतला असेल" याचं वर्गातलं सगळ्यात चांगलं उत्तर त्याचं होतं. १९८८ मध्ये रेश्ट आणि लेस्ली यांनी अमेरिकेत ६४ मुलांवर बेसबॉलच्या उताऱ्याने हेच तपासलं होतं, वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं ही वाचनात पक्की पण बेसबॉल न कळणाऱ्या मुलांपेक्षा पुढे गेली. तेव्हा महिन्यातून एकदा तरी उतारा असा निवडा की ज्याचा विषय मागच्या बाकाला पहिल्या बाकापेक्षा जास्त माहीत आहे, ट्रॅक्टर दुरुस्ती, बैलांची खरेदी, मासेमारी, काहीही.

आणि परीक्षा?

हा प्रश्न स्टाफरूममध्ये येणारच. "दहावीच्या कृतिपत्रिकेत, म्हणजे मराठीच्या पेपरात, अपठित गद्याला (पुस्तकाबाहेरच्या उताऱ्याला) ४ मार्क, ८० पैकी. त्याच्यासाठी लग्नपत्रिका कशाला वाटताय?" मी वाद घालत नाही. पण पठित उताऱ्यांचे मार्क वेगळे आहेतच, स्वमत आहेच, आणि इतिहासाचा, विज्ञानाचा पेपरही शेवटी वाचूनच सोडवायचा असतो.

फक्त एक फरक लक्षात ठेवा. परीक्षेत कोणी येऊन वातावरण तयार करून देत नाही. म्हणून दिवाळीनंतर दहावीला सुरुवात पोरांनीच करायची. उतारा हातात आला की एक मिनिट वाचायचं नाही, फक्त पहिलं वाक्य, शेवटचं वाक्य आणि कृतींचे, म्हणजे खालच्या प्रश्नांचे, शब्द बघायचे, मग समासात एक प्रश्न लिहायचा, "हे कशाबद्दल असेल" किंवा "हा माणूस असं का म्हणतोय". एवढं करून मग वाचन. सुरुवातीला कुरकुरतात, वेळ जातो म्हणतात. डिसेंबरपर्यंत हात आपोआप समासाकडे जातो. काही शिक्षक कृती आधी पूर्ण वाचा असं सांगतात. परीक्षेला ठीक आहे, पण रोजच्या तासाला मी तसं करू देत नाही, पोरं मग उतारा वाचतच नाहीत, उत्तरांची शिकार करतात, आकृतिबंधातली चौकट भरली की पेन खाली.

तासाच्या शेवटी दोन मिनिटं

यासाठी ठेवाच. सुरुवातीला वहीत लिहिलेला अंदाज पुन्हा बघायचा आणि त्याखाली एक ओळ लिहायची, काय चुकलं होतं किंवा बरोबर असूनही काय सुटलं होतं. खोडू नका असं आधी सांगितलं होतं ते यासाठीच. तपासायची गरज नाही, पंचावन्न वह्या तपासत बसलात तर पुढच्या आठवड्यापासून तुम्हीच हे बंद कराल.

शेवटी सामानाचं. बुटाचा एक रिकामा खोका ठेवा आणि त्यात वर्षभर टाकत जा: एसटीची जुनी तिकिटं, वीजबिल, औषधाच्या बाटलीवरचं लेबल, किराण्याची यादी, हरवल्याच्या पत्रकाची झेरॉक्स. किराण्याच्या यादीवरून घरात उद्या काय आहे हे ओळखायला लावलं तर पोरं साबुदाणा आणि शेंगदाणे बघून लगेच सांगतात. फोन नंबर, ग्राहक क्रमांक वगैरे खोडून मगच आत टाका. आणि पत्रिका हव्या असतील तर मे महिन्यातच मागून ठेवा, जूनला शाळा उघडेपर्यंत त्या रद्दीत गेलेल्या असतात.